उत्तरेचा वारा आणि सव्वाशे ग्रॅमचा हिशेब

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात, अगदी उत्तर किनाऱ्याला लागून, क्ले नावाचे लहानसे गाव आहे. गावापुढे खाजण, खाजणापुढे गारगोट्यांचा लांबलचक बांध आणि बांधापलीकडे समुद्र. इथून नाकासमोर उत्तरेला निघालेले जहाज शेटलंड बेटे डावीकडे आणि नॉर्वे उजवीकडे ठेवत सरळ ध्रुवीय बर्फाला जाऊन भिडेल. मध्ये जमीन म्हणून लागणार नाही. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटतो तेव्हा तो याच मोकळ्या वाटेने येतो. सोबत गारांचा मारा असतो, आकाश आणि चिखल एकाच राखाडी रंगाचे झालेले असतात, आणि दिवस जेमतेम साडेसात-आठ तासांचा.

अशा दिवशी क्लेच्या खाजणात माणसे येतात, आणि हौसेने येतात.

ही हौस जुनी आहे. सिडनी लाँग या डॉक्टरांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये ही पाणथळ जमीन पक्ष्यांसाठी विकत घेतली गेली आणि तिच्यासाठी स्थापन झालेला न्यास ब्रिटनमधल्या पुढच्या सगळ्या वन्यजीव न्यासांचा थोरला भाऊ ठरला. १९७० आणि ८० च्या दशकांत गावातले नॅन्सीज कॅफे हे देशभरच्या पक्षीवेड्यांचे अनधिकृत टेलिफोन एक्स्चेंज होते. कोणता दुर्मीळ पक्षी कुठे दिसला, हे विचारायला कुठूनही फोन यायचा आणि फोनजवळच्या टेबलावर जो गिऱ्हाईक बसलेला असेल त्याने तोंडातला घास गिळून उत्तर द्यायचे, असा रिवाज होता. वादळानंतर तो फोन अधिक वाजे यात नवल नाही. उत्तरेचे जोरदार वारे ‘लिटल ऑक’सारखे समुद्रपक्षी किनाऱ्याजवळ ढकलून आणतात. ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या कड्यांवर वीण करणारा हा काळापांढरा पक्षी आकाराने आपल्या साळुंकीच्या आसपास असतो. एरवी तो भर समुद्रात राहतो. किनाऱ्यावरून त्याला पाहायचे तर हवा बिघडण्याचीच वाट पाहावी लागते.

पण दुर्मिळाचा मोह हे अर्धेच कारण. खराब हवेत साधे, रोजचे पक्षीही वेगळे वागतात, आणि ते तसे का वागतात हे समजू लागले की दुर्बिणीतून दिसणारे दृश्य बदलते. छान उन्हात खाजणातला पक्षी काय करतो आहे हे नेमके सांगणे कठीण असते; त्याच्याकडे उधळायला वेळ असतो. थंडी, वारा आणि भरती या तिघांनी मिळून घेरले की त्याच्या प्रत्येक हालचालीला कारण असते.

‘नॉट’ या पक्ष्याचेच घ्या. कॅनडाच्या ध्रुवीय बेटांवर आणि ग्रीनलंडमध्ये वीण करून हजारो नॉट हिवाळ्यासाठी नॉरफकच्या पश्चिमेच्या ‘द वॉश’ या विशाल खाडीमुखात उतरतात. वजन साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅम, शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर. बाहेर शून्याच्या आसपास, वारा ताशी पन्नास-साठ किलोमीटर, पाय ओल्या चिखलात. एवढ्या लहान देहाने एवढा फरक दिवसरात्र राखायचा म्हणजे खर्च आलाच, आणि पक्ष्याकडे तो भागवायचे मार्ग मोजकेच असतात.

पायांपासून सुरुवात करू. पायांवर पिसे नाहीत, तरी ते गोठत नाहीत आणि त्यांतून उष्णताही फारशी वाया जात नाही. शरीरातून पायाकडे उतरणारे गरम रक्त वाहून नेणाऱ्या धमन्या आणि पायाकडून परतणारे थंड रक्त आणणाऱ्या शिरा एकमेकींना खेटून असतात. खाली जाणारे रक्त वाटेतच आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. परिणामी पावलाचे तापमान गोठणबिंदूच्या थोडेच वर राहते आणि शरीर मात्र उबदार राहते. त्यात एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला की उरलेली गळतीही निम्मी होते. चोच पाठीच्या पिसांत खुपसून एका पायावर उभा असलेला पक्षी पाहून नवखा निरीक्षक म्हणतो, झोपला आहे. तो झोपलेला असेलही, पण त्याच वेळी त्याने उष्णता निसटण्याच्या दोन मोठ्या वाटा बंद केलेल्या असतात.

वाऱ्याचा प्रश्न अवघड. पिसांमध्ये अडकलेली हवा हेच पक्ष्याचे खरे पांघरूण. वाऱ्याने पिसे उचलली की ते उघडे पडते. म्हणून वादळात सगळा थवा तोंड वाऱ्याकडे करून बसतो. जाणते निरीक्षक याचा फायदा घेतात. वारा पाठीवर घेऊन बसले की पक्ष्यांचे चेहरे आपल्याकडे येतात, आणि भिंगावर पाण्याचे थेंबही कमी उडतात. तिवईचे पाय पूर्ण उघडायचे नाहीत, दुर्बीण शक्य तितकी जमिनीलगत ठेवायची आणि खरे म्हणजे बांधाच्या आडोशाला बूड टेकायचे, कारण पक्षीही तेच करतात. गवताच्या झुपक्यामागे, चिखलातल्या हातभर खोल नाळीत, शेजाऱ्याच्या आडोशाला.

शेजाऱ्याच्या आडोशाची किंमत मोजली गेली आहे. नेदरलँड्समधल्या पोपको विएर्समा आणि तेउनिस पिएर्समा या संशोधकांनी नॉटच्या पेंढा भरलेल्या देहांत विजेवर तापणारी यंत्रणा बसवली आणि ते ‘पक्षी’ उघड्या चिखलावर, आडोशाला, गर्दीत असे ठिकठिकाणी ठेवून पाहिले. आतले तापमान टिकवायला किती वीज लागते, यावरून खऱ्या पक्ष्याला किती ऊर्जा लागेल याचा अंदाज करता येतो. दाट थव्यात आणि आडोशाला बसणाऱ्याचा खर्च उघड्यावर एकट्या असलेल्या पक्ष्यापेक्षा लक्षणीय कमी निघाला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर थव्यातल्या धक्काबुक्कीकडे नुसते भांडण म्हणून पाहता येत नाही.

खर्च कितीही आटोक्यात आणला तरी जमेची बाजू लागतेच, आणि चिखलातली जमा भरतीच्या वेळापत्रकाने बांधलेली असते. वॉशमध्ये दिवसातून दोनदा समुद्र चिखलपट्टे गिळतो. म्हणून नॉटसारखे चिखलात चालत चरणारे ‘वेडर’ पक्षी घड्याळ बघून जगतात ते ओहोटीचे. दिवस अपुरा पडला की ते रात्रीही चरतात. अंधारात शिंपले कसे सापडतात याचे उत्तर पिएर्समा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दिले. त्यांनी पिंजऱ्यातल्या नॉटना ओल्या वाळूत पुरलेले दगड शोधायला शिकवले. दगडाला वास नसतो, हालचाल नसते, तरी पक्ष्यांना ते सापडत. कोरड्या वाळूत मात्र सापडत नसत. नॉट चोच वाळूत भराभर खुपसतो तेव्हा वाळूच्या कणांमधल्या पाण्यात दाब तयार होतो. पुरलेली कठीण वस्तू त्या दाबात अडथळा आणते, आणि चोचीच्या टोकातल्या सूक्ष्म संवेदी पेशीसमूहांना तो फरक कळतो. सापडलेला शिंपला तो सबंध गिळतो आणि पोटातल्या स्नायुमय पेषणीत चिरडतो. खाणे बदलले की ही पेषणीही काही दिवसांत लहानमोठी होते.

उधाणाच्या भरतीला वॉशचे सगळेच चिखलपट्टे पाण्याखाली जातात, तेव्हा काठावरच्या स्नेटिशम इथे थांबलेल्यांना याच पक्ष्यांचा दुसरा अवतार दिसतो. हजारो नॉट एकदम उठतात, क्षणात काळे, क्षणात चांदीसारखे होत समुद्रावर घिरट्या घालतात आणि बांधाआतल्या तळ्यांमध्ये अंगाला अंग लावून उतरतात. ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी इथली खडी उपसली गेली, त्या खड्ड्यांत पाणी साचून ती झाली. पहाटे याच आकाशातून गुलाबी पायांचे कादंब आरडाओरडा करत आतल्या शेतांकडे जातात. बीटसाखरेचे पीक काढल्यावर शेतात राहिलेले शेंडे आणि तुकडे हे नॉरफकमधले त्यांचे मुख्य हिवाळी खाणे. चांदण्या रात्री ते शेतातच चरत राहतात, त्यामुळे पौर्णिमेनंतरच्या पहाटे खाडीवर त्यांची वाट पाहणारा पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो.

हिशेब चुकला तर काय होते, ते १९९१ च्या फेब्रुवारीत दिसले. पूर्वेकडून कडाक्याची थंडी आणि बोचरा वारा आला, चिखलपट्ट्यांचा वरचा भाग गोठला. वॉशच्या काठाने त्यानंतर सुमारे तीन हजार मृत वेडर गोळा झाले आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास एकाच जातीचे होते: रेडशँक. तांबड्या पायांचा, सतत सावध, जरा कुठे खुट्ट झाले की ओरडून साऱ्या खाजणाला जागे करणारा हा पक्षी आपल्याकडेही हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांत येतो. इंग्लंडमध्ये त्याचे आवडते खाणे म्हणजे चिखलात बिळे करून राहणारा, तांदळाच्या दाण्याएवढा कवचधारी जीव, कोरोफियम. थंडी वाढली की कोरोफियम वर यायचे कमी करतो, आणि डोळ्यांनी शिकार करणाऱ्या रेडशँकची पंचाईत होते. वरच्या अंगाचे चिखलपट्टे तर सर्वांत आधी गोठतात, आणि तो नेमका तिथेच चरतो. शरीरातली चरबी संपली की पक्षी छातीचे स्नायू जाळू लागतो. म्हणजे जे उडायला हवे तेच.

याला आणखी एक फाटा आहे. स्कॉटलंडमधल्या टिनिंगहॅम खाडीवर विल क्रेसवेल आणि फिलिप व्हिटफील्ड यांनी रेडशँकांवर लक्ष ठेवले होते. तिथे खाजणाच्या गवताळ कडेला खाणे चांगले, पण झाडीतून स्पॅरोहॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याचा भाऊबंद, अचानक झेपावतो. मोकळ्या चिखलावर धोका कमी. पोट भरलेला पक्षी मोकळ्यावर राहतो, भुकेला कडेला जातो. हिवाळ्यात मोठ्या संख्येने मारली गेली ती पहिल्याच वर्षाची, अननुभवी पिल्ले. मृत्यूचे कारण काय लिहायचे, स्पॅरोहॉक की थंडी? दुर्बिणीतून पाहणाऱ्याला पंजा दिसतो. उपासमार दिसत नाही.

ज्यांना जमते ते पळ काढतात. उत्तर युरोपातली शेंडीवाली टिटवी शेतांत आणि गवतात चरते. जमीन गोठली की तिला खाणेच मिळत नाही. थंडीची लाट येताच टिटव्यांचे थवे ब्रिटन ओलांडून आयर्लंडकडे किंवा दक्षिणेला फ्रान्स-स्पेनकडे सरकतात. १९२७ च्या डिसेंबरमध्ये असाच मोठा लोंढा पश्चिमेला निघाला, पाठीशी पूर्वेचा वादळी वारा होता, आणि आयर्लंड मागे टाकून ते पक्षी थेट अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला पोचले. त्यांतल्या एकीच्या पायात कडे होते. इंग्लंडमधल्या उल्सवॉटर तलावाजवळ मे १९२६ मध्ये पिल्लू असताना ते चढवलेले. एका कड्यामुळे तीन हजारांहून अधिक किलोमीटरची ती चूक सिद्ध झाली.

जे थांबतात त्यांच्यासाठी कायद्यात तरतूद आहे. बदके, कादंब आणि काही वेडर यांच्या हिवाळी शिकारीला ब्रिटनमध्ये परवानगी असते. पण हवामान केंद्रांच्या नोंदींनुसार सलग दोन आठवडे जमीन गोठलेली राहिली की १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार थांबवता येते, आणि त्याआधी आठवडाभरानंतर शिकाऱ्यांनी आपणहून संयम पाळावा अशी पद्धत आहे. कारण नुसत्या गोळीचे नाही. बाराचा आवाज ऐकून उठलेला प्रत्येक पक्षी, नेम चुकला तरी, ऊर्जा गमावतो. हाच नियम कुत्रा मोकळा सोडणाऱ्याला लागू आणि फोटोसाठी चार पावले पुढे सरकणाऱ्यालाही. उन्हाळ्यातली चार पावले आणि गोठलेल्या जानेवारीतली चार पावले यांची किंमत सारखी नसते. बऱ्या कॅमेऱ्यांच्या आजच्या काळात हे सांगणारा माणूस अप्रिय होतो, पण आकडे त्याच्या बाजूने आहेत.

मात्र सगळा दोष हवेच्या माथी मारणेही सोयीचे असते. वॉशमध्येच १९९२-९३ च्या हिवाळ्यात ऑयस्टरकॅचर, म्हणजे आपल्या रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरही उतरणारे लाल चोचीचे कालवफोडे, मोठ्या प्रमाणावर मेले. तो हिवाळा काही असामान्य कडक नव्हता. अभ्यासात दिसले ते वेगळेच: कॉकल आणि मसल या शिंपल्यांचे साठे आधीच खालावले होते, आणि त्यामागे व्यापारी उपसा हे मोठे कारण होते.

जागेचेही तेच. वेल्समध्ये कार्डिफच्या उपसागरावर बंधारा घालून १९९९ मध्ये तिथे गोड्या पाण्याचे सरोवर केले गेले. चिखलपट्टे कायमचे बुडाले. तिथले रेडशँक आधीच रंगीत कडी घालून ओळखपात्र केलेले होते, त्यामुळे ‘पक्षी जातील दुसरीकडे’ या विधानाची परीक्षा घेता आली. ते गेले, शेजारच्या ऱ्हिम्नी नदीच्या मुखाशी. पण तिथे त्यांची वजने घटली, आणि वर्षभर जगण्याचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे ८५ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर उतरले. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. दरवर्षी शंभरांतले पंधरा मरत होते तिथे बावीस मरू लागले, असे म्हटले की वाटत नाहीत.

नवी मुंबई आणि उरण परिसरातल्या पाणथळ जागांवरून होणाऱ्या वादांत ‘पक्षी जातील दुसरीकडे’ हेच विधान वारंवार ऐकू येते. ठाणे खाडीत हिमवादळ नाही, चिखल गोठत नाही. पण भरती तीच आहे. चिखल पाण्याखाली गेला की रोहित आणि वेडर यांना काही तास टेकायला काठालगतची उथळ तळी लागतात. २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, त्याआधी २०१९ मध्ये नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला. दर्जा खाडीला मिळतो. भरतीच्या वेळी पक्षी जिथे बसतात ते तळे बऱ्याचदा त्या रेषेबाहेर असते.

हे सारे कळण्यासाठी कोणीतरी वाईट हवेत उभे राहून मोजलेले असते. ब्रिटनमध्ये पाणपक्ष्यांची नियमित गणना १९४७ पासून चालू आहे. हिवाळ्यात महिन्यातून एकदा ठरलेल्या रविवारी हजारो स्वयंसेवक आपापला तुकडा मोजतात. जगभरची गणना जानेवारीत होते, कारण तेव्हा पक्षी स्थलांतर संपवून एका जागी स्थिरावलेले असतात. आपल्याकडची आशियाई पाणपक्षी गणनाही १९८७ पासून त्याच महिन्यात होते. फरक इतकाच की महाराष्ट्रातल्या स्वयंसेवकाला तेव्हा पहाटेची थंडी सुखावते, आणि वॉशवरच्याला पेन्सिल धरता येत नाही. शाईचे पेन तर चालतच नाही.

क्लेला मात्र थंडीपेक्षा मोठा हिशेब समुद्राशी आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राने किनारा ओलांडला तेव्हा इंग्लंडमध्ये ३०७ आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली. कमी दाबाचा खोल वादळी पट्टा, उत्तरेचा वारा आणि उधाण एकत्र आले की दक्षिणेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या या समुद्रात पाणी चढत जाते. १९९६ मध्ये क्लेचे खाजण पुन्हा बुडाले. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री तसाच लोंढा आला. गारगोट्यांचा बांध फुटला, खारे पाणी गोड्या पाण्याच्या तळ्यांत आणि वेतवनात शिरले. स्नेटिशमचे निरीक्षण निवारे वाहून गेले. जवळच्या टिचवेल अभयारण्यात त्याआधी दोनच वर्षे एक वेगळा निर्णय पूर्णत्वाला गेला होता: समुद्राकडचा तुकडा भरतीला सोडून द्यायचा आणि मागे नवा भक्कम बांध घालायचा. तो बांध त्या रात्री टिकला.

क्लेचा गारगोट्यांचा बांध पूर्वी यंत्रांनी ढीग लावून उंच ठेवला जाई. ते आता बंद केले आहे. लाटांनी रचावा तसा तो रचला जातो, आणि दरवर्षी जरा जमिनीकडे सरकतो. खारे पाणी आत येत राहणार हे गृहीत आहे. उचाट्यांना आणि वेडरांना त्याचे फारसे वाईट वाटणार नाही. वेतवनात लपून मासे धरणाऱ्या बिटर्नला मात्र गोडे पाणीच लागते, म्हणून सरकारी पर्यावरण संस्थेने त्याच्यासाठी आधीच पर्यायी जागा तयार केली. ती समुद्रकाठी नाही. क्लेपासून साठेक किलोमीटर आत, हिल्गे या गावाजवळच्या शेतजमिनीत पाणी सोडून तिथे नवे वेतवन लावले गेले.